वखारीपासून ह्याच!

आमच्या कॅनडातल्या विंडसरच्या ग्रोसरी स्टोअरमध्ये हॉलंडचं चीज भिंतीकडे तोंड करून ठेवलेलं दिसलं, की समजावं, तुळसकरकाका येऊन गेले. लाल मेणातले ते गोळे काका एकेक करून उलटे फिरवतात. नाव आत, पाठ बाहेर. नासधूस नाही, आरडाओरडा नाही, नुसती शिक्षा. मास्तर वांड पोराला कोपऱ्यात उभं करतात तशी. स्टोअरमधली मुलगी बिचारी ते पुन्हा सुलटे लावून ठेवते, आणि पुढच्या शनिवारी काका पुन्हा हजर.

"काका, त्या चीजनं तुमचं काय घोडं मारलं?" मी एकदा न राहवून विचारलं.

"चीजान काय एक करूक नाय," काका म्हणाले. "पण ता खयसून इला, ता बघ. वखारीपासून ह्याच!"

'वखारीपासून ह्याच' हे काकांचं पालुपद. प्रॉपर्टी टॅक्स वाढला, वखारीपासून ह्याच. कार प्लांटमधली एक शिफ्ट बंद झाली, वखारीपासून ह्याच. माझ्या बायकोनं, वर्षानं, डॉक्टरच्या सांगण्यावरून त्यांच्या चहात साखर कमी घातली, तरी कप खाली ठेवून काका सुस्कारा टाकणार आणि वखारीकडे बोट दाखवणार.

आता ही वखार कुठली, ते सांगायला हवं. काका वेंगुर्ल्याचे. तिथे डच लोकांनी काही शतकांपूर्वी बांधलेली एक वखार आहे. नाव वखार, म्हणजे मालाचं गोदाम, पण अंगानं पुरता किल्लाच. आज तिच्या नुसत्या भिंती उरल्यात आणि त्यांतून झाडं वाढलीत. काकांचं लहानपण त्या भिंतींवर उड्या मारण्यात गेलं. पण प्रेम नाही, वैर. कारण काकांच्या पणजोबांचे कोणी पणजोबा गावचे मानकरी होते. डच नवे नवे आले तेव्हा ते रीतीप्रमाणे नारळ घेऊन वखारीच्या दारात गेले, आणि डच साहेबानं त्यांना आत घेतलंच नाही. उन्हात दारात उभं ठेवलं. शेवटी ते नारळ घेऊन तसेच परत आले.

"काका, ह्याला पुरावा काय?"

"पुरावो कसलो? मी सांगतंय मां!"

मी नागपूरचा. आमच्याकडे समुद्र नाही, त्यामुळे डच आले नाहीत, त्यामुळे एवढं जुनं आणि टिकाऊ वैर आमच्या घराण्यात नाही. आमची भांडणं फार तर मागच्या लग्नातल्या जेवणावरून. म्हणून सुरुवातीला मला काकांची गंमत वाटायची. चाळीसेक वर्षं कॅनडात काढलेला, कार प्लांटमध्ये टूल इंजिनिअर म्हणून रिटायर झालेला माणूस शेजारच्या घरात बसून हॉलंडशी एकट्यानं युद्ध करतोय, ह्यात रागवण्यासारखं काय होतं? ट्यूलिपची फुलं दिसली की तोंड फिरवायचं. टीव्हीवर फुटबॉलचा नारिंगी संघ आला की चॅनल बदलायचा. पण काकांच्या स्वतःच्या बॅकयार्डमध्ये कुंपणाच्या कडेला ट्यूलिपची एक ओळ होती, आणि खारींनी कंद उकरू नयेत म्हणून काकांनी तिच्यावर तारेची जाळी ठोकली होती.

"हे काय, काका?"

"तो पुरावो आसा," काका म्हणाले. "पुरावो जपूचो लागता."

ते कंद कुठून आले, हे मला सुमतीकाकूंनी सांगितलं. तेव्हा त्या होत्या.

काकांना एकच मुलगी, नीलम. तिनं लग्न ठरवलं ते लेमिंग्टनच्या मार्कशी. लेमिंग्टन आमच्यापासून तासाभराच्या आत. तिथे काचेच्या मोठमोठ्या शेडमध्ये टोमॅटो पिकतात आणि पिकवणाऱ्यांत डच घराणी बरीच. नीलमनं मुलाचं नाव सांगितलं, शिक्षण सांगितलं, स्वभाव सांगितला. काकांनी आडनाव विचारलं. ते 'व्हान'नं सुरू होत होतं. संपलं.

"सगळ्या जगातली माणसां ह्या देशात येऊन रवलीहत," काका ओरडले. "तुका दुसरो कोण गावाक नाय?"

मग नोव्हेंबरातल्या एका दुपारी मार्कचे वडील, यान, स्वतः आले. उंच, वाकलेला शेतकरी, धुतलेला शर्ट, हातात कागदी पिशवी. तरुणपणी हॉलंडहून आलेला माणूस, इंग्रजी बेताचंच. मुलाच्या वतीनं बोलायला आले होते. काकांनी आतलं दार उघडलं, बाहेरचं जाळीचं दार उघडलं नाही. त्या माणसाला दारात उभं केलं. बर्फ भुरभुरायला लागला होता. काकू मागून म्हणत होत्या, "अहो, आत तरी घ्या." काकांनी घेतलं नाही. यान थोडा वेळ थांबले, पिशवी पायरीवर ठेवली, मान लववली आणि गेले. पिशवीत ट्यूलिपचे कंद होते. काकूंनी ते जमीन गोठायच्या आत लावून टाकले.

ही गोष्ट काकाही सांगायचे, पण त्यांच्या तोंडून तो विजय असायचा. "वखारवाल्याक दारात उभो केलंय. आमच्या माणसाक केल्यानी तसो." नातवाच्या, ओवेनच्या, बारशालाही ते गेले नाहीत. तो दहा वर्षांचा होत आला तरी त्यांनी त्याला पाहिलं नव्हतं.

काकू होत्या तोवर हा रुसवा परवडत होता. त्या रविवारी सकाळी स्वयंपाकघरात नीलमला फोन लावायच्या आणि मुद्दाम स्पीकरवर ठेवायच्या. काका पलीकडच्या खोलीत पेपर धरून बसायचे. पान उलटल्याचा आवाज यायचा नाही. ओवेनचा दात पडला, ओवेन हॉकी खेळायला लागला, सगळं काकांना तसं कळायचं. एकदा ओवेनला ताप होता आणि काकू बोलता बोलता फोन घेऊन वरच्या मजल्यावर गेल्या, तर काका जिन्याखाली येऊन उभे राहिले. म्हणाले, "पाण्याचो नळ बघतंय." जिन्याखाली नळ नाही.

मग काकू गेल्या. नीलम आली, सगळं पार पडेपर्यंत थांबली. बाप-लेक दोन बाजूंना उभे होते. बोलले ते एवढंच, की गाडी कुठे पार्क केलीस. त्यानंतर त्या घरात स्पीकर वाजला नाही. चीजला शिक्षा मात्र चालूच राहिली, आणि खरं सांगतो, मला आता तिची गंमत वाटेनाशी झाली. असला माणूस बघून वाईट वाटावं की दोन ठेवून द्याव्यात, हेच कळेना.

त्या हिवाळ्यात काकांच्या गराजमधून पुटपुट ऐकू यायची. वर्षाला वाटायचं, रामरक्षा म्हणतायत. म्हणाली, "बरं झालं, देवाकडे वळले."

जुलैत आमच्या प्लांटचा शटडाऊन असतो. माझी सुट्टी सुरू झाली त्याच दिवशी काका दारात.

"नागपूरकरा, किल्ल्यावर जावचा आसा."

"कोणत्या?"

"डचांच्या. ऑल्बनीक. म्युझियम पण आसा. माझे डोळे हायवेक चलणत नाय, तू गाडी चलव."

ऑल्बनी म्हणजे न्यूयॉर्क राज्यात, हडसन नदीच्या काठी. जायलाच अख्खा दिवस. काकांनी बर्फ उपसून दिलेल्या आमच्या ड्राइव्ह-वेचे, आंब्याच्या लोणच्याचे, सगळे उपकार काढले गेले. मी हात टेकले. वर्षा म्हणाली, "जाऊन या. ते एकटे निघाले तर जास्त ताप."

काकांनी गडावर जायची तयारी केली होती, तीही मराठी माणसाच्या पद्धतीनं. नवे जाड तळाचे बूट, काठी, पाण्याच्या बाटल्या, दशम्या, शेंगदाण्याची चटणी, काकड्या. "चढण किती असेल ठावक नाय," म्हणाले. एका पिशवीत नारळ आणि नवी शाल. मी समजलो, गडावरच्या देवीसाठी. डचांच्या गडावर देवी कशी असेल, हे विचारायचं मी टाळलं.

बफेलोच्या बॉर्डरवरच्या ऑफिसरनं मात्र विचारलं. "व्हॉट्स द कोकोनट फॉर?"

"फॉर रिस्पेक्ट," काका म्हणाले.

ऑफिसरनं माझ्याकडे बघितलं. मी त्याच्याकडे बघितलं. त्यानं पासपोर्ट परत दिले.

ऑल्बनीत पोचलो, मोटेलमध्ये झोपलो, सकाळी म्युझियम उघडायच्या आत दारात उभे राहिलो. काका काठी टेकत, बूट वाजवत आत शिरले. आतली माहिती सांगणारी बाई वयस्कर, चष्मेवाली, हसतमुख.

"वुई केम टु सी द फोर्ट," काका म्हणाले.

"ओह!" बाई खूश झाली. "तुम्ही बहुतेक त्याच्यावरूनच आलात." तिनं खिडकीबाहेर बोट दाखवलं. बाहेर हायवे होता, गाड्या धावत होत्या. किल्ला त्या रस्त्याखाली होता. लाकडाचा होता म्हणे. रस्ता बांधताना खणलं, सापडलं ते काढून ठेवलं आणि वरून डांबर टाकलं.

काका खिडकीला नाक लावून उभे. "खय आसा किल्लो? आमी इतक्या लांब इलंव, आणि किल्लो नाय?"

डोंगर पोखरून उंदीर निघतो म्हणतात. इथे डोंगरच नव्हता. मी कपाळावर हात मारून घेतला.

बाईनं आम्हाला काचेच्या पेटीतलं मॉडेल दाखवलं. चार बुटके बुरुज, आत कौलारू घरं, लाकडी तट. काका वाकले. "ह्यो किल्लो? आमच्या आळीत पोरां दिवाळीक ह्याच्यापेक्षा मोठो करीत. ह्याच्यार अळीव पण पेरूक नाय." मी हसलो. काका हसले नाहीत. ते पुढच्या पेटीपाशी गेले होते. तिथे फुटक्या चिलमी, फरशीचे तुकडे, गोट्या आणि दाराची एक गंजलेली कडी ठेवली होती. काका त्या कडीसमोर उभे राहिले ते हलेनात. मी दोनदा हाक मारली.

मग ते एकदम वळले, त्या बाईसमोर ताठ उभे राहिले आणि घसा खाकरून काहीतरी बोलले. मराठी नव्हतं, मालवणी नव्हतं, इंग्रजी तर नव्हतंच.

"सॉरी, डियर?" बाई म्हणाली.

काका पुन्हा बोलले, सावकाश. शेवटचे शब्द मला ऐकू आले, "कोम बिनन."

बाईचा चेहरा उजळला. "इज दॅट युवर लँग्वेज? इट्स ब्यूटिफुल."

काकांचा चेहरा मी त्यापूर्वी एकदाच तसा पाहिला होता, काकूंना नेलं त्या दिवशी. "दॅट इज डच," ते म्हणाले. "नो डच पीपल हिअर?"

"नॉट फॉर अ व्हेरी लाँग टाइम," बाई म्हणाली.

बाहेर बाकावर बसून आम्ही दशम्या खाल्ल्या. समोर हायवे. तेव्हा सगळं बाहेर आलं. गराजमधली ती रामरक्षा नव्हती. लायब्ररीतून सीडी आणून काका हिवाळाभर डच शिकत होते. डच किल्ल्यात डच माणूस असणारच, त्याच्याशी एकदा बोलून बघावं आणि मग पुढे जावं, असा बेत होता.

"अहो काका, लेमिंग्टनला पावलोपावली डच आहेत! त्यांच्याशी बोलायचं!"

"तुका काय कळता? ते सगळे एका चर्चचे. एकाशी बोललंय की सांजेक व्याह्यांच्या कानार जातला. आधी त्यांच्याच कानार जावक व्हया, माझ्या तोंडान."

व्याही. इतकी वर्षं 'वखारवालो' होता, तो त्या बाकावर व्याही झाला. शाल-नारळ देवीसाठी नव्हते, व्याह्यांसाठी होते. रीतीप्रमाणे त्यांच्या घरी जायचं, हातात नारळ द्यायचा, शाल घालायची, आणि त्यांच्या भाषेत आमंत्रण करायचं.

"कोम बिनन म्हणजे आत या," काका म्हणाले. "त्या दिवशी बोलूचा रवला. ज्या दारात त्यांका उभो करून ठेवलंय, त्या दाराकडे सुमती गेल्यार मी रोज बघतंय, रे. दुसरो कोण येणाच नाय."

मला त्या माणसाचा इतका राग आला आणि इतकी माया वाटली, की मी काकडी चिरत बसलो. म्हटलं, "परत जाताना लेमिंग्टनवरूनच जाऊ. आज नको म्हणालात, तर पुन्हा कधी नाही." काका हो म्हणाले. परतीच्या वाटेवर चारशे एक नंबरच्या हायवेला लागल्यापासून ते डोळे मिटून डचच पुटपुटत होते. ओवेनही बापाची भाषाच बोलत असणार, तेव्हा त्याच्याशीही दोन शब्द होतील, असं मध्येच म्हणाले.

लेमिंग्टनचं घर शेडच्या पुढ्यात होतं. पोर्चवर एक झुलती खुर्ची. काकांनी बूट पायपुसण्यावर घासले, शाल हातावर घेतली, त्यावर नारळ, आणि बेल वाजवली. मी दोन पायऱ्या खाली उभा राहिलो. दार नीलमनं उघडलं. केस पिकायला लागले होते.

"बाबा?"

"व्याही आसत काय घरात?" काकांनी विचारलं.

नीलम त्या नारळाकडे बघत राहिली. "ही पास्ड अवे, बाबा. फेब्रुवारीत."

काकांनी शालीवरचा नारळ नीट केला. मग म्हणाले, "माका कोणी कळवूक नाय."

"कोणाला कळवणार? आईचा नंबर अजून माझ्या फोनमध्ये आहे. तुमचा कधी नव्हताच. ते शेवटपर्यंत म्हणायचे, तुझे वडील एकदा येतील. मीच म्हणायचे, नाही येणार."

काकांनी घसा खाकरला. सगळा हिवाळा घोकलेलं वाक्य ते त्या दारात उभं राहून पुरं बोलले. न अडखळता.

"व्हॉट इज दॅट?" नीलमनं विचारलं.

"डच."

"इथे कोणाला डच येत नाही, बाबा. मार्कलाही नाही. ते एकटेच बोलायचे, तेसुद्धा त्या खुर्चीत बसून, स्वतःशी."

आतून पोराचा आवाज आला, "मॉम, हू इज इट?"

नीलम मागे वळली. तिला जे सुचलं ते तिनं सांगितलं. "समवन आजी यूज्ड टु नो."

मला तिचा राग येईना. ती खोटं बोलली नव्हती. मग तीच म्हणाली, "आत येताय?" आवाजात बोलावणं होतं की नुसती रीत, ते मला ओळखता आलं नाही. काकांनी उंबऱ्याकडे पाहिलं. म्हणाले, "नको गो. पायात बूट आसत." आणि ती पुन्हा म्हणाली नाही. काकांनी शालीची घडी झुलत्या खुर्चीवर ठेवली, तिच्यावर नारळ ठेवला, खुर्ची हलली ती हातानं थांबवली, मान लववली आणि पायऱ्या उतरले. गाडीत मी पालुपदाची वाट बघत होतो. विंडसर येईपर्यंत ते आलं नाही.

ह्या गोष्टीला आता दोन महिने झाले. नीलमचा फोन आलेला नाही. काकांनी केलेला नाही, कारण नंबर त्यांच्याकडेही नाही, आणि मी आणून दिला तर म्हणाले, "रवांदे."

परवा शनिवारी ग्रोसरीत गेलो, तर हॉलंडचे गोळे सगळे सुलटे. मला वाटलं, काका आलेच नाहीत. पण ते तिथेच होते, ट्रॉलीला धरून, चीजसमोर. मी हाक मारणार तेवढ्यात ते त्या गोळ्यांकडे बघून, घरी आलेल्या माणसाशी बोलावं तसं, हळू म्हणाले, "कोम बिनन." मग एक गोळा उचलून त्यांनी ट्रॉलीत ठेवला, लहान मुलांना बसवतात त्या जागेवर, आणि पुन्हा एकदा तेच म्हणाले.

कोणीतरी उत्तर द्यायला हवं होतं. पण मला डच येत नाही.